कोयत्यात मोजलेलं कुटुंब

कुटुंबव्यवस्थेवरचं व्याख्यान सुरू झालं की पहिल्या दहा मिनिटांतच एकत्र कुटुंबाचं निधन जाहीर होतं. मग मोबाइल, फ्लॅट, शिकलेल्या सुना आणि वृद्धाश्रम हे आरोपी ओळीने उभे केले जातात आणि शेवटी संस्कारांची हळहळ होते. शहरी मध्यमवर्गापुढे हे खपून जातं. पण जालना जिल्ह्यातल्या परतूरसारख्या तालुक्याच्या गावीही लोक तीच हळहळ माना डोलावत ऐकतात, याचं मला नवल वाटतं. दिवाळी उलटल्यावर इथल्या एखाद्या वाडी-तांड्यावर जाऊन पाहावं. बऱ्याच दारांना कुलपं, ओसरीवर आजी-आजोबा आणि त्यांच्या भोवती शाळेत जाणारी नातवंडं. मधली पिढी उसाच्या फडात गेलेली, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परतणार. हे कुटुंब एकत्र की विभक्त? वक्त्याकडे दोनच खण आहेत आणि हे घर दोन्हींत बसत नाही.

एकत्र कुटुंब पूर्वी सर्वत्र होतं, ही समजूतच मुळात तपासून घेतलेली नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणं सांगितली : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक पूजाअर्चा. लक्षणं बिनचूक आहेत, पण ती वाचताना जमीन, कोठार आणि देवघर असलेलं घर डोळ्यांपुढे येतं. ज्याच्याकडे वाटून घ्यायलाच काही नाही त्याची मालमत्ता सामाईक ती काय असणार? ए. एम. शहा यांनी गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या एका गावाची १८२५ सालची घरवार नोंद तपासली, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीही मोठ्या एकत्र घरांचं प्राबल्य त्यांना आढळलं नाही. बरं, चुली वेगळ्या झाल्या म्हणजे कुटुंब मोडलं, हेही खरं नाही. आय. पी. देसाई यांनी महुव्याच्या पाहणीतून १९६४ मध्येच ते दाखवून दिलं होतं. आपल्याकडे कोणाही शेतकऱ्याला विचारा. भावाभावांत वाटण्या होतात, सातबारा फुटतो, बायका एकमेकींशी बोलत नाहीत. तरी विहिरीवरच्या मोटारीची पाळी ठरलेली असते आणि पुतणीच्या लग्नात काका मांडवात उभा असतो. आणि जिथे खरोखरच वीस माणसं एका चुलीवर जेवत होती, तिथे त्या चुलीपुढे कोण बसलं होतं, हा प्रश्न हळहळणाऱ्यांनी आपापल्या आजीला विचारायला हवा होता. आता उशीर झाला.

उरलेल्या मतांसाठी फार जागा घालवण्याचं कारण नाही. उद्योगांना छोटं, सुटसुटीत कुटुंब लागतं, असं समाजशास्त्रज्ञ पार्सन्स अमेरिकेत बसून म्हणाले; आमच्या साखर उद्योगाने कुटुंब सुटसुटीत केलं नाही, मधोमध चिरलं. एंगल्सने सगळा दोष खासगी मालमत्तेवर टाकला. इथे गुंठाभर जमीन नसलेल्यांचीच लग्नं सर्वांत आधी लागतात. लग्नसंस्थाच नको म्हणणाऱ्यांशी वाद घालायला फडातल्या बाईला सवड नाही.

मुद्दा कोयत्याचा आहे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, हिशेब होतो तो जोडीचा. एकटा माणूस अर्धा कोयता. नवरा तोडतो, बायको साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. मजुरी टनावर आणि एकत्र. म्हणजे कारखाना मजूर ठेवत नाही, लग्न ठेवून घेतो. १९७२ च्या दुष्काळापासून मराठवाड्यात हा रस्ता रुळला, ती कथा वाचकांना पाठ आहे. तिचा कुटुंबावर झालेला परिणाम मात्र ‘स्थलांतरितांचे प्रश्न’ या वेगळ्या फाइलमध्ये पडून राहिला. आई-बाप सहा महिने परगावी, वयात आलेली मुलगी म्हाताऱ्यांपाशी कशी ठेवायची, आणि लग्न लावून दिलं तर एक पूर्ण कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांमध्ये अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, जालना जिल्ह्यात ३५ आणि परभणीत, म्हणजे १९८१ पर्यंत परतूर ज्या जिल्ह्यात होतं तिथे, ४८ टक्के आलं. सगळी कारणं उसातच आहेत असं मी म्हणत नाही. पण ‘संस्कार कमी पडले’ हे कारण तर यात कुठेच नाही. या घरांत आई-बापांचा शब्द मोडला जात नाही, हीच अडचण आहे.

म्हणून मला एकत्र-विभक्त या भेदापेक्षा दुसरा एक भेद महत्त्वाचा वाटतो : आधार आणि भरपाई. आजारी भावाच्या शेतातली पेरणी दुसऱ्याने उरकून देणं हा आधार. कारखान्याने मुलांच्या पाळणाघराची सोय केली नाही म्हणून सत्तरीतल्या आजीने चार नातवंडं सांभाळणं ही भरपाई. दोन्ही कामं मायेनेच होतात, त्यामुळे वरून फरक दिसत नाही. आधारात घरातल्यांचं ओझं घरातले वाटून घेतात. भरपाईत बाहेरच्याने टाळलेला खर्च घर भरतं, आणि व्याख्याता त्यालाच त्याग म्हणून गौरवतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासकीय समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीमुळे खाडा पडला तरी दंड, फडात ना शौचालय ना आडोसा. ही भरपाई शरीराने केलेली आहे, आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बाईची त्यातून सुटका झाली असती असं मानायला काहीही आधार नाही. उलट घरी मुलं सांभाळायला सासू असली की सून निर्धास्तपणे फडात धाडता येते. एकत्र कुटुंब इथे कारखान्याच्याच उपयोगी पडतं.

सरकारचंही तेच. आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकली. टाकावी, पण स्वतःची उचलावी. आदर्श पुत्राचं नाव दिलेली श्रावणबाळ योजना महिन्याला १५०० रुपये देते. ते मिळवायचे तर वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं. हे घर सरकारच्या मोजणीतही पुरतं येत नाही. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, ऐन हंगामात. त्या सगळ्या काळात जो गावी नव्हता तो आपल्या घरी मोजलाच गेला नाही. कुटुंबाच्या आकारावर वाद घालणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की आकडाच निम्म्या घराचा आहे.

ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, टनामागे कारखान्याचे १० रुपये आणि तेवढेच सरकारचे अशी त्याची तरतूद आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, तेही बरं झालं. पण वाढलेला दरही कोयत्यालाच मिळाला. कुटुंब वाचवण्याची ज्यांना खरोखर कळकळ आहे त्यांनी पुढच्या हंगामाआधी एकच मागणी लावून धरावी : कोयता मोडा. उचलीच्या करारावर बाईची वेगळी सही, तिच्या नावाचं वेगळं ओळखपत्र आणि तिची मजुरी तिच्या खात्यात. एवढं झाल्यावर संस्कारांवरची व्याख्यानं खुशाल चालू द्यावीत.