चित्र तोक्योत, आवाज बेपत्ता

सिवनीचं रान नागपूरहून फार लांब नाही. जबलपूरच्या रस्त्याला लागलं की मनसर, देवलापार मागे पडतं, खवाशाला मध्य प्रदेशची हद्द लागते आणि पेंचचं जंगल त्याआधीच सोबतीला आलेलं असतं. इंग्रजी अमदानीत हा सगळा मुलूख मध्य प्रांतात मोडायचा आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. किपलिंगचा मोगली इथला. त्याची वैनगंगाही आपलीच, पुढे भंडाऱ्यावरून गडचिरोलीकडे जाणारी. किपलिंगने मात्र 'जंगल बुक' लिहिलं अमेरिकेतल्या व्हर्मॉंटमध्ये. १८९४ साली ते प्रसिद्ध झालं. या रानाचे तपशील त्याने रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७ मधल्या सिवनीवरच्या पुस्तकातून उचलले, असं अभ्यासक मानतात.

नागपूरच्या मुलांना आपल्या शेजारचा हा पोरगा भेटला तो आणखी मोठा वळसा घेऊन. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने १९८९-९० मध्ये त्याची ५२ भागांची मालिका केली. तीच १९९३ च्या सुमारास हिंदीत उतरून दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. वैनगंगेकाठचा वाघ, चित्र जपानी, बोली हिंदी आणि गळा कोकणातल्या मराठी माणसाचा! इतकी सरमिसळ झाली, तरी ती मालिका उपरी वाटली नाही. नागपुरात तर नाहीच. इथल्या पोरांना हिंदी शिकवावी लागत नाही, ती गल्लीतच भेटते.

अशा डब केलेल्या मालिका पुढे कधीकधी हरवतात. मुलांची परदेशी मालिका हरवते म्हणजे नेमकं काय हरवतं, हे इथे नीट पाहायला हवं. चित्र सहसा हरवत नाही. मूळ कंपनीकडे त्याच्या निगेटिव्ह असतात, संगीत आणि बाकीचे आवाज असलेली संवादाविना ध्वनिपट्टी असते, आणि जगभर पुन्हा पुन्हा विकायचा माल म्हणून ते सांभाळलं जातं. भाषांतराचा थर मात्र विकत घेणाऱ्याच्या देशात तयार होतो. संवाद तिथे लिहिले जातात, ओठांच्या हालचालीत बसवले जातात, कुठल्या तरी स्टुडिओत बोलून घेतले जातात. प्रक्षेपणाचा करार पाच-सात वर्षांचा असेल, तर तो संपल्यावर या भाषांतरित ध्वनिपट्टीचं काय करायचं हे कोणीच ठरवलेलं नसतं. परदेशी मालकाला तिचा उपयोग नसतो. इथल्या वाहिनीला ती दाखवायचा हक्क उरलेला नसतो. स्टुडिओला जागा मोकळी हवी असते. कोणी वैरी नसताना ती नाहीशी होते.

चित्रही जातं कधीकधी. आज हिंदी बोलणारा डोरेमॉन घरोघरी आहे, पण १९७३ साली जपानमध्ये त्याची पहिली मालिका आली होती, अर्ध्या अर्ध्या तासाच्या २६ भागांची. ती काढणारी कंपनी बुडाली, फिल्म इकडे तिकडे झाली आणि आज त्या मालिकेचे काही भागच शिल्लक आहेत. आपल्याकडे तर सुरुवातच हरवण्यापासून आहे. फाळक्यांनी काडेपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. भारतातल्या ॲनिमेशनचा तो आरंभ, आणि तो आज पाहता येत नाही.

दूरदर्शनच्या काळात टेप महाग होती. पाटी पुसून नवा धडा लिहावा तसा एक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा घेतला जाई. बीबीसीनेही हेच केलं, 'डॉक्टर हू'चे जुने भाग त्यातच गेले. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना नावं ठेवण्यात मला रस नाही. तुटपुंज्या पैशांत रोजचं प्रक्षेपण चालवायचं होतं आणि मुलांचं कार्टून पुढे कोणी मागेल, हे कोणाच्या मनातही आलं नसेल. मोगली त्या मानाने नशीबवान. गाणं लोकांच्या तोंडी राहिलं म्हणून मालिकेला मागणी राहिली. २०१६ साली डिस्नेचा चित्रपट आला तेव्हा ते गाणं नव्याने ध्वनिमुद्रित झालं आणि शेरखानसाठी पुन्हा नानांनाच बोलावलं. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका परत लावली. पण प्रत्येक मालिकेला गुलजार मिळत नाहीत.

चित्र आहे ना, मग पुन्हा डबिंग करून घ्या, असं कोणी म्हणेल. युगो साको यांच्या पुढाकाराने, राम मोहन यांच्या सहभागाने झालेला 'रामायण' हा भारत-जपानचा ॲनिमेशनपट घ्या. त्याच्या जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरींचा आवाज होता. २०२५ च्या जानेवारीत तो लख्ख होऊन चित्रपटगृहांत परतला, पण नव्या हिंदी आवाजांत. नवे आवाज वाईट आहेत अशी माझी तक्रार नाही. अमरीश पुरी २००५ साली गेले, आणि त्यांचा रावण आता कोणी पुन्हा करू शकत नाही, एवढंच. तीस वर्षांपूर्वी मुलांशी कुठल्या हिंदीत, किती उर्दू मिसळून, किती अदबीने बोललं जाई, याचा दस्तऐवज त्या जुन्या पट्टीत असतो.

कायद्याने भाषांतराच्या या थराला ओळखच दिलेली नाही, आणि माझ्या मते खरी अडचण ही आहे. नागपुरातल्या छोट्या प्रकाशकाने तीनशे प्रतींचा कवितासंग्रह काढला, तरी १९५४ च्या कायद्याप्रमाणे त्याच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ग्रंथालयांना पोचत्या कराव्या लागतात. कोट्यवधी मुलांनी पाहिलेल्या मालिकेला असं बंधन नाही. खासगी वाहिन्यांनी प्रसारणाची नोंद नव्वद दिवस ठेवावी एवढी अट आहे, आणि तीही कोणी तक्रार केली तर तपासता यावं म्हणून. फ्रान्सने १९९२ साली रेडिओ-दूरचित्रवाणीला ग्रंथांसारखंच सक्तीचं जमा-बंधन घातलं आणि 'इना' या संस्थेकडे ते काम सोपवलं. स्वामित्वहक्काचा बाऊ इथे करू नये. जपून ठेवणं वेगळं, दाखवणं वेगळं. राष्ट्रीय ग्रंथालयातल्या पुस्तकांवरही लेखकांचे हक्क असतातच.

मराठीची गोष्ट याहून बोचरी आहे. तमिळ मुलांसाठी २००७ पासून स्वतंत्र वाहिनी आहे. पुढे तेलुगू, कन्नड, मल्याळममध्येही तशा निघाल्या. मराठी मुलांच्या वाट्याला बहुतेक हिंदीच आली. अलीकडे काही वाहिन्यांनी मराठी ध्वनिपट्टीचा पर्याय दिला, पण आज जे मराठी डबिंग होतंय ते दहा वर्षांनी कुठे सापडेल, हे विचारायला जागा नाही. आणि आपण स्वतः जे केलं त्याची गत? १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'बालचित्रवाणी'ने मराठी शाळकरी मुलांसाठी हजारो कार्यक्रम केले. कर्मचाऱ्यांचे पगार रखडत गेले, २०१७ मध्ये संस्था बंद झाली. मग त्या टेपांचं काय, ही चर्चा सुरू झाली. आधी कुलूप, मग कपाटात काय आहे याची चौकशी, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. परदेशी मालिकेच्या मराठी पट्टीची काळजी हे राज्य घेईल, अशी आशा मी तरी ठेवत नाही.

ओटीटीने हा प्रश्न सुटला, हाही भ्रमच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एचबीओ मॅक्सने 'इन्फिनिटी ट्रेन'सह डझनावारी कार्यक्रम एका फटक्यात काढून टाकले. त्यातले कित्येक मुलांचे होते. प्रेक्षकाच्या हातात कॅसेटही नव्हती.

नव्वदच्या दशकातल्या हिंदी डबिंगचे जे तुकडे आज फिरतात, त्यांतले पुष्कळ घरगुती व्हीसीआरवर कोणीतरी भरून ठेवलेले, मधल्या निरम्याच्या जाहिरातीसकट. अशा कॅसेट विदर्भातल्या घरांच्या माळ्यावरही असतील. मेचं पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि त्यावर पावसाळ्यातली बुरशी, दोन्ही टेपला मानवत नाहीत. व्हीसीआर बनवत राहिलेली शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. तेव्हा टेप शाबूत असली तरी चालवायची कशावर, हा प्रश्न उरतोच. विदर्भ साहित्य संघाने शंभर वर्षं पुस्तकं आणि नियतकालिकं सांभाळली. एक चालू व्हीसीआर आणि एक संगणक त्या परंपरेत बसायला हरकत नसावी.

त्याआधीही एक काम करता येईल, टेप सापडण्याची वाट न पाहता. स्वामित्वहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आपलं नाव नोंदवून घेण्याचा हक्क मिळाला, पण त्याआधीच्या डबिंग कलाकारांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच आली. कोणी कोणत्या पात्राला आवाज दिला, संहिता कोणी उतरवली, ध्वनिमुद्रण कुठल्या स्टुडिओत झालं, हे विचारून लिहून घ्यायला हवं. नव्वदच्या सुरुवातीला तिशीत असलेली ती माणसं आज साठीच्या पुढे गेली आहेत. नागपूर विद्यापीठाच्या जनसंवाद विभागातले विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांना मुंबईच्या गाडीचं तिकीट काढून द्यावं.