ॲडजस्ट करा, पण किती?

इंग्रजीतून आलेले पुष्कळ शब्द आपण पाहुण्यासारखे वागवतो. त्यांना बाहेरच्या खोलीत बसवतो, चहा देतो. ‘ॲडजस्ट’ या शब्दाला मात्र मराठी माणसाने थेट स्वयंपाकघरापर्यंत आणलेलं आहे. एसटीत तिघांचे बाक होते तेव्हापासून चौथा उतारू, ‘जरा ॲडजस्ट करा की’ म्हणत, आधी पिशवी, मग गुडघा आणि मग उरलेला देह या क्रमाने बाकावर दाखल होत आलेला आहे. लग्न ठरतं तेव्हा मुलीला सांगतात, ‘थोडं ॲडजस्ट करून घे.’ दूधवाला पाणी ॲडजस्ट करतो, साहेब रजा ॲडजस्ट करतात, आणि ज्योतिषी तर प्रत्यक्ष मंगळ ॲडजस्ट करून देतो. जुळवून घेणं, नमतं घेणं, सांभाळून घेणं, चालवून घेणं एवढी घरची क्रियापदं आपल्याकडे असताना हा एकच परका शब्द त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसला, कारण त्यात एक मोठी सोय आहे. कोणी घ्यायचं आणि किती घ्यायचं, हे त्यात सांगावं लागत नाही.

‘किती?’ हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस मला आमच्याच घरात भेटलं, आणि तेही मोटारीच्या निमित्ताने.

माझा पुतण्या चाकणला नोकरीला आहे. दर शनिवारी तो नाशिक-पुणे रस्त्याने चंदनापुरी घाट उतरून संगमनेरला येतो. मोटार हा त्याच्या बोलण्याचा एकमेव विषय. दुसऱ्या विषयावर तो बोलला तर आम्ही त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहतो. मध्यंतरी त्याने आपल्या गाडीला ‘कॉइलओव्हर’ बसवायचं ठरवलं. हे नाव ऐकून वहिनींना वाटलं, सीटवर घालायचं काहीतरी कापड असावं. मी म्हटलं, ‘वहिनी, मुलगा घरात कधी चादर घालत नाही, तो गाडीला कुठली घालतोय?’

आमच्या गावात ज्याला सरसकट ‘शॉकप’ म्हणतात, त्यात खरं तर दोन वेगळी पात्रं आहेत. एक स्प्रिंग आणि दुसरा तेलाचा दट्ट्या. स्प्रिंग गाडीचं ओझं पेलते. दट्ट्या ओझं बिलकूल पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगला आवरतो. कॉइलओव्हरमध्ये ही स्प्रिंग दट्ट्याच्या भोवती गुंडाळलेली असते आणि दट्ट्याच्या अंगावर आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवरची कडी हुकासारख्या पान्याने फिरवली की गाडी वर होते किंवा खाली बसते. दट्ट्याच्या टोकाला एक लहानसं बटण असतं. ते फिरवलं की टिक् टिक् वाजतं. प्रत्येक टिक म्हणजे एक क्लिक, आणि प्रत्येक क्लिकला दट्ट्या थोडा कडक किंवा थोडा सैल होतो. म्हणजे ॲडजस्ट करणं हे जिचं काम आहे आणि किती केलं ते जिच्यात मोजता येतं, अशी ही एकमेव वस्तू!

असल्या हौसेआधी गाडीचे कागद मात्र पाहावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम ५२ असं आहे, की नोंदणीच्या कागदावर जे तपशील लिहिले आहेत त्यांच्याशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करू नये. मला या कलमाचं फार कौतुक वाटतं. मुलगी सासरी आली की तिचं नाव, आडनाव, जेवणाची वेळ, कुंकवाचा आकार, झोपेचे तास असे मूळ नोंदणीतले सगळे तपशील आपण बदलून टाकतो, आणि त्याला कुठलंच कलम लागत नाही.

आता स्प्रिंगबद्दल. स्प्रिंगचा कायदा रॉबर्ट हूक या इंग्रजाने शोधला. तो कोणी पळवू नये म्हणून १६७६ साली त्याने तो अक्षरांची सरमिसळ करून छापला आणि १६७८ साली कोडं उलगडून सांगितलं. आमच्या शेजारच्या काकू लोणच्याच्या मसाल्याबाबत हेच करतात, फक्त त्यांनी अजून उलगडलेलं नाही. हूकचा कायदा साधा आहे. भार दुप्पट तर दबणंही दुप्पट. एका मिलिमीटरला पाच किलो अशी स्प्रिंग असेल, तर अडीचशे किलोंखाली ती पन्नास मिलिमीटर दबेल आणि पाचशे किलोंखाली शंभर. कमी नाही, जास्त नाही, कुरकुर नाही.

आणि इथे बहुतेक हौशी लोक फसतात. त्यांना वाटतं की ती आट्यांवरची कडी घट्ट पिळली की स्प्रिंग कडक होते. होत नाही. गाडी उंच होते, स्प्रिंग मिलिमीटरला पाच किलोंचीच राहते. कडक हवी असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण ज्याने काढली, त्याला मी मोटारविद्येची पदवी द्यायला तयार आहे. माणसाला खुर्ची उंच दिली की तो उंच दिसतो, पण त्याची मूळची स्प्रिंग तीच राहते. हे पाहण्यासाठी कॉइलओव्हर विकत घ्यायची गरज नाही; एखाद्याला सोसायटीचा चेअरमन करून पाहावं.

म्हणून पुतण्याने आधी स्प्रिंग निवडली. किती वजन, कुठला रस्ता, कशासाठी गाडी, हे पाहून. मग उंची ठरवली. गाडी खाली बसवली की वळणावर कमी झुकते आणि तरुणांना देखणी वाटते. पण जितकी खाली घ्याल तितकी चाकाला वर जायला जागा कमी उरते, आणि मग खड्ड्यात ती शेवटच्या रबरावर जाऊन आदळते. शिवाय आपल्याकडे गतिरोधक नावाची संस्था आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, असा सौम्य असावा. गावोगावचे गतिरोधक पाहिले की वाटतं, ते बांधणाऱ्याने आकडे बरोबर वाचले, पण आडवे वाचायचे ते उभे वाचले. उंचीनंतर चाकांची अलाइनमेंट, कारण गाडी खाली आली की चाकांचे कोनही बदलतात, आणि मग टायर आतल्या बाजूने गुपचूप झिजतात. आणि सगळ्यात शेवटी ते बटण. बत्तीस क्लिकचं. पूर्ण कडक करून तिथून उलट मोजायचं, मधोमध आणायचं, एकाच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. पोराने दहावीला एवढ्या वह्या लिहिल्या असत्या तर आज तो जिल्हाधिकारी असता.

अखेर त्याला हवी तशी गाडी कडक जुळली. ‘काका, आता रस्ता हाताला कळतो,’ तो म्हणाला. पुढच्या रविवारी भंडारदऱ्याला जायचं ठरलं. अकोले, राजूर करत प्रवरेच्या काठाकाठाने. तो गाडी चालवत होता, मी शेजारी आणि वहिनी मागे. त्याला रस्ता हाताला कळत होता. मागे वहिनींना तो मणक्याला कळत होता.

इथे वहिनींबद्दल थोडं सांगायला हवं. त्या डी.एड. झालेल्या. लग्नानंतर वर्षभरात त्यांना अकोले तालुक्यातल्या एका शाळेची ऑर्डर आली होती. त्याच सुमाराला घरात आजारपण निघालं. थोरली माणसं म्हणाली, ‘एखादं वर्ष ॲडजस्ट कर, नोकऱ्या काय पळून जातात?’ एखादं वर्ष झालं, मग बाळंतपण झालं, मग दिराचं लग्न, मग सासऱ्यांचं पडणं. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. प्रत्येक वेळी मागणी लहान होती. आणि प्रत्येक वेळी वहिनी म्हणाल्या, ‘असू दे.’

मोटारीच्या भाषेत या प्रकाराला नाव आहे, हे मला पुतण्याकडूनच कळलं. दट्ट्याची दोन कामं असतात. धक्का बसताना स्प्रिंगला आवरणं हे एक, आणि दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणं हे दुसरं. परत येणं फार सैल सोडलं तर गाडी उंटासारखी डुलत राहते. धक्का गेला तरी तिचं रडगाणं चालूच! अशी माणसं आपल्याला माहीत आहेत. पण परत येणं फार आवळून धरलं तर भलतंच घडतं. गिट्टीच्या, पन्हाळीच्या रस्त्यावर एकामागून एक लहान धक्के येतात. पहिल्या धक्क्यातून स्प्रिंग पुरती वर येण्याआधीच दुसरा बसतो, दुसऱ्यातून सावरण्याआधी तिसरा. गाडी प्रत्येक धक्का शांतपणे घेते आणि दर वेळी थोडी थोडी खाली बसत जाते. बाहेरून पाहणारा म्हणतो, काय स्थिर गाडी आहे! प्रत्यक्षात ती शेवटच्या रबरावर टेकलेली असते, आणि पुढचा खड्डा, मग तो कितीही लहान असो, तिला सोसत नाही.

सोशिक माणूस एक दिवस चहात साखर कमी पडली म्हणून का ओरडतो, याचं उत्तर मला मानसशास्त्राच्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

तर राजूरच्या अलीकडे वहिनी म्हणाल्या, ‘बाळा, गाडी थांबव.’ त्याला वाटलं गाडी लागली. त्याने लिंबू काढलं. त्या म्हणाल्या, ‘लिंबू राहू दे. तुझ्या त्या बटणाला क्लिक किती आहेत रे?’

‘बत्तीस.’

‘मग त्यातले आठ मला दे.’

पुतण्या आईकडे बघतच राहिला. मग मुकाट्याने उतरला, डिकी उघडली आणि मागचे दोन्ही दट्ट्ये आठ-आठ क्लिक सैल करून आला.

आता न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच्या सगळे क्लिक वहिनींना दिले असते तरी भलं झालं नसतं. फार मऊ गाडी वळणावर लोळते, आणि घाटात वहिनींनाच ते लिंबू लागलं असतं. सगळ्यांना सुखाचं होईल असं सेटिंग नसतं. म्हणून ‘कोणी कोणासाठी ॲडजस्ट करूच नये’ असं म्हणणाऱ्या आधुनिक मंडळींशीही माझं जमत नाही. बिनशॉकपची स्वाभिमानी गाडी म्हणजे बैलगाडी. तिच्यात मान ताठ राहते, पण दात जागेवर राहत नाहीत. प्रश्न ॲडजस्ट करावं की नाही हा नाहीच. बटण कोणाच्या दट्ट्याला आहे आणि ते फिरवतो कोण, हा आहे.

शर्यतीच्या गाड्यांचं जुळवणं करतात तेव्हा चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात. एक कोपरा उचलला की त्या चाकावरचा भार वाढतो, त्याच्या तिरक्या समोरच्या चाकावरचाही वाढतो आणि उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. चौघांची बेरीज मात्र तीच राहते. डगमगणाऱ्या चौरंगावर बसलेल्या कोणालाही हे पटेल. घरातही कोणी हलकं झालं की भार नाहीसा होत नाही, तो कुठल्या तरी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो. आणि या मोजणीत एक पथ्य असतं, ते मला सगळ्यात आवडलं. गाडी रिकामी मोजायची नाही. चालक जिथे बसणार तिथे त्याच्या वजनाचा माणूस किंवा पोती ठेवून मग काटा वाचायचा. शर्यतीत मागे कोणी बसत नाही, म्हणून तिथे चालकाचं वजन पुरतं. संसार ही शर्यत नव्हे. इथे मागे माणसं असतात, आणि नियम करणाऱ्याने त्यांना काट्यावर घेतलेलं नसतं.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९४८ साली ‘टू सीव्ही’ नावाची शेतकऱ्याची गाडी जगापुढे आणली. तिचा आराखडा करणाऱ्यांना घातलेली अट प्रसिद्ध आहे. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडं फुटता कामा नये. किती शहाणी अट! गाडी कशी जुळवायची हे चालकाच्या हातांना विचारलं नाही, मागच्या अंड्यांना विचारलं. संगमनेरात अंड्यांच्या जागी टोमॅटोचे क्रेट धरावेत, अट तीच राहील.

आमच्याच संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) यांनी आपल्या फटक्यातून माणसाने नीट वाटेने चालावं असा खणखणीत उपदेश केला आहे. तो आम्ही शाळेत पाठ केला आणि यथाशक्ती पाळला. पण नीट वाटेवरही खड्डे असतात, आणि तिथे पुढच्याला एक रस्ता दिसतो व मागच्याला दुसराच लागतो. तेवढ्यासाठी वाट बदलायला नको; मागे वळून एकदा ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं तरी पुष्कळ. मात्र उत्तर ‘असू दे’ असं आलं, तर ते उत्तर धरू नये. गाडी थांबवावी.

पुतण्याच्या वहीत आता ‘पुढे’ आणि ‘मागे’ या दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा रकाना आहे. त्यावर ‘आई’ असं लिहिलेलं असून खाली ‘८’ हा आकडा आहे. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून पंचाईत झाली आहे. कोणीही वहिनींना ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणालं, की त्या हातातलं काम न थांबवता विचारतात, ‘किती क्लिक?’ आणि सांगणारा आपला आधी चष्मा पुसतो.