जोडलेल्या नावाचा विग्रह

त्वष्ट्याने इंद्राचा सूड घेण्यासाठी होम मांडला. इंद्राला मारणारा पुत्र मागताना त्याने ‘इंद्रशत्रु’ हा शब्द उच्चारला, पण स्वर चुकला. तत्पुरुष समासाचा बहुव्रीही झाला. ‘इंद्राला मारणारा’ऐवजी ‘ज्याला इंद्र मारील तो’ असा अर्थ लागला आणि होमातून जन्मलेला पुत्र वृत्र इंद्राच्याच हातून मेला. व्याकरण का शिकावे हे सांगताना पतंजलीने महाभाष्यात हाच दाखला दिला आहे.

अक्षरे तीच, अर्थ उलटा. मग शब्दाची ओळख नक्की असते कशात?

सी भाषेत रूपांतरित होणाऱ्या संगणकभाषांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. सीमध्ये नेमस्पेस, म्हणजे नावांची वेगवेगळी घराणी, नाहीत. वेगवेगळ्या फायलींतली सगळी सामाईक नावे त्या फायली जोडणाऱ्या लिंकरपुढे एकाच पंगतीला बसतात आणि दोन फंक्शनांचे नाव एकच निघाले, की काम तिथेच अडते. म्हणून ‘वाला’सारखी भाषा घराण्याचे नाव पुढे लावते: जीटीके नेमस्पेसमधल्या बटनाचे ‘न्यू’ हे फंक्शन सीमध्ये ‘जीटीके_बटन_न्यू’ होते. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी लिहितात, तसेच हे.

वाचायला सोपे, पण यात एक धोका आहे. समजा, ‘भाजी’ या नेमस्पेसमध्ये ‘दर_यादी’ आहे आणि ‘भाजी_दर’ या दुसऱ्या नेमस्पेसमध्ये ‘यादी’ आहे. जोडल्यावर दोन्हींचे ‘भाजी_दर_यादी’ होते. सांधा कुठे होता, ते पुसले गेले.

सी प्लस प्लसच्या आजच्या अनेक कंपायलरांनी यावर साधा तोडगा वापरला: प्रत्येक तुकड्याआधी त्याची अक्षरसंख्या लिहायची. मग एक नाव ‘२भाजी५दर_यादी’ होते, दुसरे ‘५भाजी_दर२यादी’. नावे कुरूप दिसतात, पण विग्रह एकच होतो.

शब्द आणि अर्थ यांचे नाते मीमांसक नित्य मानतात, नैयायिक संकेताने ठरलेले. कंपायलरची नावे उघडच संकेताची आहेत, इथे नैयायिकांचेच म्हणणे खरे ठरते. मात्र संकेत ठरवणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे वाढते. नुसती अक्षरे जपून भागत नाही. जोड कुठे आहे, हेही जपावे लागते.

वैदिकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. ऋग्वेदाच्या संहितेत शब्द संधीने एकमेकांत मिसळतात, म्हणून शाकल्याने प्रत्येक पद सुटे करून पदपाठ सिद्ध केला. वेदपाठशाळांत तो आजही संहितेच्या जोडीने शिकवला जातो.