केशरचना आणि स्वातंत्र्य

केशरचनेसारख्या क्षुल्लक विषयावर तत्त्वचर्चा कशाला, असें पुष्कळांस वाटेल. परंतु एखाद्या गोष्टीवर राज्यकर्ते फर्मानें काढूं लागले म्हणजे ती क्षुल्लक राहत नाहीं. लुइझियाना प्रांत स्पेनच्या अमलाखालीं असतां १७८६ सालीं तेथील गव्हर्नर एस्तेबान मिरो यानें असा हुकूम काढला कीं, गुलामगिरींत नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनींही आपले केस रुमालानें झाकावे. स्त्रियांनीं तो पाळला. मात्र रुमाल इतके रंगीत आणि त्यांची बांधणी इतकी डौलदार केली कीं, हीनत्वाचें चिन्हच भूषण होऊन बसलें.

या केसांचा स्वभाव आधीं समजून घेतला पाहिजे. दाट वेटोळ्यांच्या केसाचा छेद वाटोळा नसून चपटा असतो. टाळूंतील तेल सरळ केसावरून सहज खालीं उतरतें, वेटोळ्यांवरून उतरत नाहीं. त्यामुळें हे केस कोरडे पडतात व वळणाशीं तुटतात. रोजचें धुणें त्यांस मानवत नाहीं. ते ओले असतांनाच रुंद दातांच्या फणीनें टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवावा लागतो. ओलावा टिकावा म्हणून तेल किंवा आफ्रिकेंतील शिया झाडाच्या बियांचें लोणी लावावें लागतें. वेण्या घालून रात्रीं साटिनचा रुमाल बांधावा लागतो. यांत वेळ जातो खरा. पण हा केसांचा दोष तेव्हांच वाटूं लागतो, जेव्हां सरळ केस हेंच सर्वांचें माप ठरतें.

त्या मापाची किंमतही जबर आहे. केस सरळ करण्याच्या कांहीं लेपांत कॉस्टिक सोडा असतो; त्यानें केसांतील गंधकाचे बंध तुटतात आणि टाळूही भाजते. अमेरिकेंत ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीवरून २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, अशीं द्रव्यें वारंवार वापरणाऱ्यांमध्यें गर्भाशयाच्या कर्करोगाचें प्रमाण दुपटीहून अधिक आढळलें. एवढ्यानें कार्यकारणभाव सिद्ध झाला असें नव्हे. पण दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट खास नाहीं.

कोणी विचारील, यांत सक्ती कोठें आहे? अलाबामांत एका स्त्रीनें आपल्या जटा कापण्याचें नाकारलें, म्हणून देऊं केलेली नोकरी काढून घेण्यांत आली. केशरचना बदलतां येते, म्हणून हा वंशभेद नव्हे, असा निर्णय तेथील अपील न्यायालयानें २०१६ सालीं दिला. खरा नैतिक प्रश्न येथेंच उभा राहतो. नांव बदलतां येतें, धर्म बदलतां येतो, मातृभाषाही टाकतां येते. तेवढ्यावरून तीं टाकावयास लावणें न्याय्य ठरतें काय? विधवांच्या केशवपनाची हकीकत ठाऊक असलेल्या मराठी वाचकास याचें उत्तर शोधावें लागणार नाहीं. केस पुन्हां वाढतात, म्हणून तो वस्तरा निरपराध ठरला नाहीं.

मग नैसर्गिक केस राखणें हें प्रत्येक कृष्णवर्णीय स्त्रीचें कर्तव्य मानावें काय? तसें मानणें म्हणजे जुन्या फर्मानाच्या जागीं नवें फर्मान काढणें होय. त्याच लुइझियानांत १८६७ सालीं, गुलामगिरींतून सुटलेल्या आईबापांच्या पोटीं जन्मलेल्या मादाम सी. जे. वॉकर यांनीं केसांच्या औषधांचा मोठा व्यापार उभारला. गोऱ्यांच्या सौंदर्यकल्पनेस त्यांनीं खतपाणी घातलें असा आक्षेप त्यांच्यावर आला. पण त्याच व्यापारानें हजारों स्त्रियांना धुणीभांड्यांवांचून जगण्याचा मार्ग दाखविला, हेंही विसरतां येत नाहीं.

माझ्या मतें कसोटी अशी आहे: निवड स्वतंत्र होती कीं नाहीं, हें काय निवडलें त्यावरून ठरत नाहीं, दुसरें निवडलें असतें तर काय गमवावें लागलें असतें, त्यावरून ठरतें. कॅलिफोर्नियानें २०१९ सालीं केलेल्या कायद्याचें मर्म हेंच आहे. केस कसे ठेवावे हें तो सांगत नाहीं. वेण्या किंवा जटा राखल्याबद्दल नोकरी वा शाळा गमवावी लागूं नये, एवढेंच पाहतो.

परंतु कायद्याचा हात कांहीं ठिकाणीं पोंचत नाहीं. आई मुलीला पुढ्यांत बसवून गुंता सोडवीत असते. मूल रडतें, आईचे हात थकतात. त्या वेळीं तिच्या तोंडून 'काय हे केस!' असें वैतागानें निघतें कीं कौतुकानें, यावर त्या मुलीच्या स्वातंत्र्याचा पुष्कळसा भाग अवलंबून असतो.