अजाण बालकाचें ऋण

जें मूल स्वतः होकार देऊं शकत नाहीं, त्याच्या शरीरावरून ज्ञान मिळविण्याचा अधिकार शास्त्राला कितपत आहे?

दक्षिण आफ्रिकेंत २००५ सालीं एच्. आय्. व्ही.ची बाधा झालेल्या अर्भकांवर एक प्रयोग सुरू झाला. कांहींना औषध तत्काळ दिलें. कांहींना, तेव्हांच्या नियमास धरून, रोग बळावेपर्यंत थांबविलें. त्वरित औषधानें मृत्यु ७६ टक्क्यांनीं घटतात, हा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि अर्भकांस लगेच औषध द्यावें असा दंडक जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच वर्षीं घातला. थांबलेल्यांपैकीं जीं दगावलीं, त्यांनीं सत्याची किंमत भरली. लाभ मागून येणाऱ्यांस झाला.

पुढें केप टाउन येथें, यांतील कांहीं मुलें पांच वर्षांचीं झाल्यावर, चुंबकीय यंत्रानें त्यांच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं. औषध लवकर मिळूनही मेंदूच्या श्वेत द्रव्यांत सूक्ष्म फरक आढळले. जगणें आणि निकोप वाढणें एक नव्हे, हें त्यावरून उमगलें.

कोणी म्हणेल, ‘चित्रानें त्या मुलाचें काय भलें झालें?’ आक्षेप खरा आहे. चित्र रोग बरा करीत नाहीं. तथापि न पाहिल्यानें इजा नाहींशी होत नाहीं. ती केवळ अज्ञात राहते. आईच्या संमतीनें शास्त्राला परवानगी मिळते, ऋणमुक्ति नव्हे. ज्या मुलाच्या मेंदूंत आपण डोकावलों, त्याचें बोलणें, शिकणें व वाढणें यांची काळजी वाहणें, हेंच आमच्या मतें त्या ऋणाचें व्याज होय. मुद्दल तर कधींच फिटणार नाहीं.