मिठाचा कर आणि रुपयाची किंमत

घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत बारावीच्या वर्गात फळांवर किंवा पोळ्यांवर शिकवला जातो. भुकेल्याला पहिली पोळी जे समाधान देते ते चौथी देत नाही, आणि पुढे कधीतरी पोळी नकोशीच होते. मग अपवादांची यादी येते: छंद, कंजूषपणा, व्यसन, सत्ता आणि पैसा. पैसा कितीही मिळाला तरी माणसाला पुरत नाही, म्हणून तो या नियमात बसत नाही, असे विद्यार्थी पाठ करतात. माझ्या मते या सिद्धांताचे सगळे सामाजिक मोल या यादीतल्या शेवटच्या शब्दापाशी आहे. पैशाची हाव संपत नाही हे खरे. पण उपयोगिता शून्यावर येत नाही, एवढ्याने ती घटत नाही असे ठरत नाही. मिळकतीत पडलेल्या भरीचे मोल माणसाजवळ आधीच किती आहे यावर अवलंबून असते, हे डॅनिएल बर्नुलीने 1738 मध्येच मांडले होते. आल्फ्रेड मार्शलने 1890 च्या आपल्या ग्रंथात ते कारकुनांच्या उदाहरणाने पटवून दिले. वर्षाला शंभर पौंड मिळवणारा कारकून ज्या मुसळधार पावसात पायी कचेरी गाठतो, त्याहून कितीतरी हलक्या पावसात तीनशे पौंडवाला गाडीत बसतो. भाडे दोघांना तेच. पहिल्याच्या खिशातून ते निघताना जास्त बोचते, आणि हे कळायला त्याच्या मनात डोकवावे लागत नाही. त्याचे भिजलेले कपडे पुरेसे आहेत.

हाच नियम सरकारी तिजोरीला लावला की काय दिसते, हे आपल्याकडच्या मिठाच्या करात लख्ख दिसते. 1888 मध्ये इंग्रज सरकारने मणामागे दोन रुपये असलेला हा कर अडीच रुपये केला. मण म्हणजे सुमारे 37 किलो. माणशी वर्षाला साडेपाच किलो मीठ धरले तर पाच जणांच्या घरावर पावणेदोन रुपयांहून थोडा अधिक कर बसे. रोज दोन-तीन आणे कमावणाऱ्या मजुराची ती दहा-बारा दिवसांची कमाई. सावकारही मीठ तेवढेच खातो, म्हणून करही तेवढाच भरतो. त्याला तो जाणवतसुद्धा नाही. सरकारचे म्हणणे असे की गरिबांपर्यंत पोचणारा दुसरा कर नाही आणि माणशी काही आणे म्हणजे फार नव्हे. मार्च 1902 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा दोन भीषण दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते आणि तिजोरीत मात्र वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती. रयतेच्या हलाखीत साठलेली ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, कर गरजेपेक्षा जास्त घेतल्याची खूण आहे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नाही, हेही त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. हा मुद्दा फार मोलाचा आहे. मिठाची गरज थोडक्यात भागते; ती भागली की पुढच्या चिमटीला कोणी विचारत नाही, मग मीठ कितीही स्वस्त असो. अशा वस्तूचा माणशी खप घसरतो, तेव्हा लोकांची हौस कमी झालेली नसते. जिथे प्रत्येक चिमटीला अजून मोल आहे, तिथपर्यंत कराने त्यांना मागे रेटलेले असते. पुढे 1903 मध्ये हा कर दोन रुपयांवर, 1905 मध्ये दीडवर आणि 1907 मध्ये एक रुपयावर आला, आणि मिठाचा खप वाढत गेला.

यावर जाणकारांचे दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही हलके नाहीत. लायोनेल रॉबिन्स यांनी 1932 मध्ये असे मांडले की एका माणसाचे समाधान दुसऱ्याच्या समाधानाशी शास्त्रीय रीतीने ताडून पाहता येत नाही. सावकाराचा रुपया आणि मजुराचा रुपया मोजायला एकच तराजू आणायचा कुठून? तराजू नाही, हे मान्य. पण सारखा कर बसवणारा अर्थमंत्रीही तुलना टाळत नाही. दोघांचे दुःख सारखेच, असे तो गृहीत धरतो. तुलना अटळच असेल, तर ती उघड करावी आणि उपासमार, आजार, अर्धवट सुटलेली शाळा अशा दिसणाऱ्या गोष्टींवर करावी. मनातल्या समाधानावर फार विसंबू नये, हे अमर्त्य सेन यांनीही बजावले आहे. वर्षानुवर्षे अभावात राहिलेला माणूस थोडक्यात समाधान मानायला शिकतो, आणि त्याच्या तक्रार न करण्याला आपण तृप्ती समजून बसतो. दुसरा आक्षेप फ्रँक रॅम्सीच्या 1927 च्या निबंधातून येतो. किंमत वाढली तरी ज्या वस्तूंची मागणी फारशी हलत नाही, त्यांच्यावर कर जास्त ठेवावा, म्हणजे बाजाराची घडी कमी विस्कटते. या हिशेबाने मीठ कर बसवायला आदर्शच ठरेल! परंतु वेगवेगळ्या माणसांच्या दृष्टीने पैशाची सीमांत उपयोगिता वेगवेगळी असते, हा प्रश्न आपण बाजूला ठेवत आहोत, असे रॅम्सीने त्याच निबंधात आधीच सांगून टाकले होते. त्याचा निष्कर्ष उचलणारे ती अट मागे सोडतात.

आज मिठावर जीएसटी नाही. सप्टेंबर 2025 मध्ये अंगाचा साबण आणि टूथपेस्टही 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले, आणि ते योग्यच झाले. मोबाइलच्या रिचार्जवर मात्र अजून 18 टक्के आहेत. रेशनच्या ई-केवायसीचा ओटीपी, बँकेचा संदेश, मुकादमाचा निरोप हे सगळे फोनवरच येते. रिचार्ज संपले की मजूर कामाला मुकतो. तीनशे रुपयांच्या पॅकमध्ये सुमारे 46 रुपये कराचे असतात. पॅक 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज आणि जवळपास 600 रुपये कर. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या हिशेबाने ही दोन दिवसांची कमाई. मिठाच्या कराइतके हे ओझे नाही, पण त्याची जात तीच आहे. शिवाय नोंदणीकृत व्यवसाय आपल्या कामाच्या फोनवरचा हा कर इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळता करून घेतो. मजुराला तशी सोय नाही. सरकार गरिबाला दुसऱ्या हाताने अनुदान देतेच की, असे कोणी म्हणेल. महिलांसाठीच्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये घरात येतात हे खरे, पण योजनेला निकष असतात, यादी असते, आणि यादीतून नावे गळतात. एकटा ऊसतोडीला गेलेला पुरुष त्या यादीत बसतच नाही. कर मात्र त्याच्याकडून दर 28 दिवसांनी न चुकता वसूल होतो. तिजोरीला पैसा लागतो, हे नाकारायचे कारण नाही. तो महागड्या पॅकांवर आणि वरच्या उत्पन्नावर उभा करता येईल. सर्वांत स्वस्त प्रीपेड पॅक तरी जीएसटी परिषदेने 5 टक्क्यांत आणावा, आणि महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांनी परिषदेत ही मागणी स्वतः मांडावी.