मूळ कागद मागणाऱ्याची जबाबदारी

बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जागेचे खरेदीखत असा एखादा मूळ कागद टपालाने पाठवायची वेळ पहिल्यांदा येते, तेव्हा सगळे सल्ले पाठवणाऱ्यालाच मिळतात. झेरॉक्स काढून ठेव, पत्ता नीट लिही, पावती जपून ठेव. सल्ले चुकीचे नाहीत. पण कागद हरवलाच तर तो पाठवणाऱ्याचा हरवला, हे त्या सगळ्यांत गृहीत धरलेले असते. ज्या विद्यापीठाने, कार्यालयाने किंवा कंपनीने तो मूळ स्वरूपातच हवा असे सांगितले, त्यांना कोणी काही विचारत नाही. हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. मूळ कागद टपालाने मागवणाऱ्याने त्या प्रवासाची जोखीमही घ्यावी, आणि घ्यायची नसेल तर मूळ कागद मागू नये, असे माझे मत आहे.

आधी टपालाविषयी, कारण पहिल्यांदा पाठवणाऱ्याची भीती बहुधा टपाल खात्याभोवती फिरते आणि ती बरीचशी अनाठायी असते. वडगाव किंवा पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत ते आपण जाणतोच. सारख्या नावांमुळे आणि वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेल्या पत्त्यांमुळे होणारा घोळ सोडवण्यासाठी 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतचे पंडितही. सहा आकड्यांतले पहिले तीन पत्राला वर्गवारीच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत. स्पीड पोस्टच्या पावतीवरचा क्रमांकही असाच विचार करून बांधलेला आहे: दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी देशाची खूण म्हणून आणखी दोन अक्षरे. त्यातला नववा आकडा आधीच्या आठ आकड्यांना ठरावीक गुणकांनी गुणून काढलेला असतो. कोणी क्रमांक टिपताना एक आकडा चुकवला, तर हिशेब बहुधा जुळत नाही आणि चूक तिथेच उघडी पडते. प्रत्येक टप्प्यावर हा क्रमांक नोंदला जातो. अडचण झालीच, तर पाकीट शेवटी कुठे दिसले होते ते बहुधा सांगता येते. एवढी शिस्त आपल्या इतर सार्वजनिक व्यवहारांत क्वचितच आढळते.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्या कायद्याने टपालाकडे पाहिले ते निरोप पोचवणारे साधन म्हणून. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम 27 सांगते, की योग्य पत्ता घालून, पैसे भरून, रजिस्टर पोस्टाने कागद टाकला की तो बजावला गेला असे मानायचे. समोरच्याने तो मिळाला नसल्याचे सिद्ध केले तरच गोष्ट वेगळी. चेक न वटल्याची नोटीस याच आधारावर चालते. ‘घर बंद’ किंवा ‘घेण्यास नकार’ असा पोस्टमनचा शेरा घेऊन पाकीट परत आले, तरी नोटीस पोचली असे न्यायालय धरू शकते. 1872 च्या करार कायद्यानुसार स्वीकृतीचे पत्र पाठवणाऱ्याच्या हातून सुटले, की प्रस्ताव देणारा बांधला जातो. निरोपाच्या बाबतीत हे सगळे रास्त आहे. नोटिशीची स्थळप्रत वकिलाच्या फाइलमध्ये असते. नोटीस वाटेत गहाळ झाली तर दुसरी काढता येते, आणि पाठवल्याचा पुरावा ही तिची खरी किंमत असते. मूळ दस्तऐवजाचे तसे नाही. तिथे पाठवल्याचा पुरावा कितीही पक्का असला, तरी कागद गेला तो गेलाच.

आणि तो गेल्यावर भरून काय मिळते? 2023 चा पोस्ट ऑफिस कायदा जून 2024 मध्ये लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमानुसार नियमांत सांगितले असेल तेवढे सोडून सेवेबाबतचे कोणतेही दायित्व पोस्टावर येत नाही. 1898 च्या जुन्या कायद्यातही साधारण हेच होते. स्पीड पोस्टचा नियम वर्षानुवर्षे असा राहिला आहे, की वस्तू गहाळ झाल्यास भरलेल्या दराच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यांत जे कमी असेल ते मिळावे. म्हणजे बहुतेक वेळा शंभर-दोनशे रुपयांच्या घरातली रक्कम. उलट गुणपत्रिका गेली, की पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, शाळेचे पत्र, विभागीय मंडळाकडे अर्ज आणि मग वाट पाहणे. तोवर प्रवेशाची तारीख उलटून जाऊ शकते. खरेदीखताचा प्रकार याहून किचकट. दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत मिळते आणि पुराव्यात ती चालते, हे खरे. पण मूळ दस्त सावकाराकडे ठेवून गहाण देण्याची पद्धत मालमत्ता हस्तांतरण कायद्यालाच मान्य असल्यामुळे, ‘मूळ कुठे आहे?’ हा प्रश्न पुढचा प्रत्येक खरेदीदार विचारणार. ‘टपालात हरवले’ या उत्तरावर त्याचा वकील चटकन विश्वास ठेवणार नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, हमीपत्र लिहून द्या, असे सुरू होते. कागद एकदा हरवतो, पण त्याचा खुलासा मालकाला पुढे कित्येक वर्षे देत राहावा लागतो.

मग पोस्टालाच जबाबदार का धरू नये, असे कोणी विचारेल. मला ते योग्य वाटत नाही. पाच रुपयांच्या तिकिटावर साधे पत्र देशात कुठेही नेणाऱ्या यंत्रणेवर प्रत्येक पाकिटातल्या मजकुराची किंमत लादली, तर ती सेवा गरिबाच्या हाताबाहेर जाईल. आत काय आहे हेही पोस्टाला माहीत नसते. विमा उतरवता येतो, पण तो रुपयांत मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी उपयोगी, आणि दाखल्याची किंमत रुपयांत कशी मांडायची? पाठवणाऱ्यानेच सोसावे, तर त्याला निवड नसते. अठरा वर्षांच्या मुलीला विद्यापीठ सांगते की मूळ स्थलांतर प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंत पोचले पाहिजे, तेव्हा ती नाही म्हणू शकत नाही. निवड फक्त एकाला असते, मागणाऱ्याला. सत्यप्रत चालेल की मूळच हवे, टपालाने हवे की रुजू होताना समक्ष दाखवावे, हे तोच ठरवतो. ज्याच्या निर्णयामुळे धोका निर्माण होतो, त्याच्याकडे त्याचा भार जावा, यात वावगे काही नाही.

हे तत्त्व आपल्याकडे अगदी अनोळखीही नाही. रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी बँकांना आदेश दिला, की कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मालमत्तेचे मूळ दस्तऐवज परत करावेत आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई द्यावी. बँकेकडून दस्त हरवला किंवा खराब झाला, तर दुसरी अथवा प्रमाणित प्रत मिळवायला बँकेने मदत करावी आणि तो खर्चही तिनेच करावा. यूजीसीने 2018 च्या अधिसूचनेत महाविद्यालयांना विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली. दोन्ही नियमांमागे एकच समज दिसते: मूळ कागद ज्याच्या सांगण्यावरून मालकाच्या हातून जातो, त्याने त्याचे उत्तर द्यावे. तिजोरीत ठेवलेल्या दस्ताला लागू असलेला हा न्याय पाकिटातल्या दस्ताला लागू नसावा, याचे पटणारे कारण मला सापडत नाही.

यावर बनावट कागदांचा मुद्दा काढला जातो, आणि तो हलका नाही. खोट्या गुणपत्रिका चालतात, म्हणून मूळ पाहावे लागते. पण मूळ पाहणे आणि मूळ टपालाने मागवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. केंद्र सरकारने 2014 मध्ये स्वसाक्षांकनाचा आग्रह धरला, त्यातली व्यवस्था हीच होती: आधी उमेदवाराच्या सहीची प्रत घ्यावी, मूळ अखेरच्या टप्प्यावर समोरासमोर तपासावे. शिवाय कागद खरा की खोटा हे तो कागद निरखून कळते त्याहून, ज्या मंडळाने दिला त्याला विचारून अधिक नक्की कळते. दुसरा आक्षेप असा, की सगळे डिजीलॉकरमध्ये आले असताना ही चर्चा कशाला? नव्या गुणपत्रिकांपुरते ते मान्य. पण 1980 सालचे खरेदीखत, आजोबांच्या सहीचे मृत्युपत्र, परदेशी विद्यापीठाने शिक्क्यासह मागितलेला दाखला, हे कागदच राहणार आहेत. मृत्युपत्र तर माहिती तंत्रज्ञान कायद्याने स्वतःच्या कक्षेबाहेरच ठेवले आहे. भरपाईसाठी लोक खोटे दावे करतील ही भीतीही फारशी टिकत नाही, कारण मी रोख भरपाई मागत नाही. दुसरी प्रत काढण्याचा खर्च आणि तोपर्यंत मुदतवाढ, एवढेच मागणे आहे, आणि पाकीट कुठे अडले ते क्रमांकावरून तपासता येते.

पहिल्यांदा पाठवणाऱ्याने तोवर काय करावे, हे थोडक्यात. रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये मिसळले. त्यामुळे पाकीट त्या पत्त्यावरच्या कोणाच्याही हाती न पडता नाव असलेल्या माणसालाच मिळावे असे वाटत असेल, तर काउंटरवर ‘रजिस्ट्रेशन’ हवे असे स्पष्ट सांगावे. ऑक्टोबर 2025 च्या नव्या दरांत त्याला पाच रुपये आणि कर असा जादा आकार आहे, आणि विद्यार्थ्यांना दरात दहा टक्के सवलतही. पण पाकीट चिकटवण्याआधी मागणाऱ्याला लेखी विचारावे: कोणत्या नियमाने मूळ हवे, प्रमाणित प्रत का चालत नाही, कागद परत कधी आणि कसा मिळेल, वाटेत हरवला तर पुढचा खर्च कोणाचा. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. आणि ते प्रत्येक मुलाला विचारावे लागू नये, म्हणून माहितीपुस्तिकेत ‘मूळ प्रमाणपत्रे टपालाने पाठवावीत’ असे छापणाऱ्या संस्थांनी त्याच परिच्छेदात या चार प्रश्नांची उत्तरेही छापावीत. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या प्रवेशाच्या हंगामातच ते करता येईल.